रोजच्या दिवसाची तसबीर

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, तेव्हा या विद्येची पॅरिसमध्ये जाहीर वाच्यता होऊन सोळा वर्षे लोटली होती. बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावू लागल्याला दोन वर्षे झाली होती, आणि कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या सूतगिरणीसाठी कंपनी उभी केल्याला जेमतेम एक. पाठ्यपुस्तकांत या तीन गोष्टींपैकी दोहोंना परिच्छेदच्या परिच्छेद मिळतात आणि तिसरीला एक ओळही मिळत नाही, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. रूळ आणि चाती यांनी लक्षावधी माणसांचे पोट आणि पत्ता बदलला, काचेवरच्या रसायनाने त्यांतले काहीच बदलले नाही. परंतु ज्यांचे पोट आणि पत्ता बदलला ती माणसे दिसत कशी होती, कशावर बसत होती, डोक्यावरून काय वाहून नेत होती, हे पुढच्या पिढ्यांना दाखवू शकणारे साधन त्याच वर्गात शिकवले जात होते, आणि ते शिकणारे विद्यार्थी होते, ही गोष्ट मला दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही. आज शाळा-महाविद्यालयांतून ‘आपल्या भोवतीचे रोजचे जीवन’ अशा प्रकारचा विषय देऊन विद्यार्थ्यांच्या छायाचित्रस्पर्धा भरवल्या जातात, प्रास्ताविक भाषणात ‘जिवंत इतिहास’ हा शब्दप्रयोग हटकून येतो, आणि प्रमुख पाहुण्यांच्या घड्याळाकडे पाहत पारितोषिके वाटली जातात. या प्रथेची वंशावळ मांडायची झाली तर आपल्याकडे तिचा आरंभ एल्फिन्स्टनच्या त्या वर्गापासून करावा लागेल. आणि ती मांडल्याशिवाय या स्पर्धांतून इतिहास खरोखर किती हाती लागतो, या प्रश्नाचा निवाडा करता येणार नाही.

वर्गाच्या आदल्या वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. कॅप्टन हॅरी बार हे तिचे पहिले अध्यक्ष. लष्करी अंमलदार, सरकारी कचेऱ्यांतले साहेबलोक, पेढ्यांचे मालक आणि फावल्या वेळात महागड्या रसायनांशी खेळण्याइतकी ऐपत असलेले थोडे एतद्देशीय गृहस्थ, असा तिचा सभासदवर्ग होता. या एतद्देशीयांत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव असणे क्रमप्राप्तच. जुनी नाणी, शिलालेख, कुष्ठरोगावरचे औषध, स्त्रीशिक्षण, नाटक, असा जो जो नवा उद्योग त्या काळच्या मुंबईत मूळ धरत होता त्याच्या यादीत भाऊंचे नाव आढळले नाही तर यादीच अपुरी समजावी. मात्र कॅमेरा मनापासून हाती घेतला तो त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी यांनी. ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यक शिकून आलेल्या या तरुणाने १८५७ मध्ये थेट कलकत्त्याच्या सोसायटीच्या प्रदर्शनात देशी लोकांची आपण घेतलेली छायाचित्रे मांडली, आणि मुंबईच्या सोसायटीच्या कार्यकारी मंडळातही तो काही वर्षे होता. एल्फिन्स्टनच्या वर्गातून पुढे आलेला दुसरा गृहस्थ म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण. शिक्षण संपताच त्याने मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला, तो वीसएक वर्षे चालवला, आणि १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्याने काढलेल्या तसबिरी झळकल्या. पुढे हा मनुष्य आर्यसमाजाच्या कामात शिरला, आणि १८७९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक कर्नल ऑल्कट व मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावर त्यांचे आगतस्वागत त्यानेच केले. त्या आतिथ्याचे बिल त्याने मागाहून आपल्यापुढे ठेवले, अशी कागाळी ऑल्कट यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. धंदेवाईक छायाचित्रकाराला प्रत्येक गोष्टीची किंमत लावण्याची सवय असते, इतकेच त्यावर म्हणता येईल.

या पहिल्या पिढीने आपल्या शहराचे रोजचे जीवन टिपले काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर देताना त्या काळच्या क्रियेकडे पाहावे लागते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा प्रचारात आली होती. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव हात हलवून सारख्या थराने पसरायचा, ती काच अंधाऱ्या तंबूत चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, निथळती काच कॅमेऱ्यात बसवून तिच्यावर प्रकाश घ्यायचा, आणि थर सुकण्यापूर्वी पुन्हा धावत तंबूत जाऊन चित्र उमटवून घ्यायचे. एवढा खटाटोप काही मिनिटांत आटोपावा लागे, आणि कोलोडियनमधले ईथर मुंबईच्या वैशाखात भराभर उडून जाई, त्यामुळे ती मिनिटेही विलायतेपेक्षा थोडीच भरत. चांदीच्या क्षाराने बोटे काळी पडत आणि आठवडा आठवडा तशीच राहत. तंबू, बाटल्या, काचा, पाण्याची घागर आणि तिपाई एवढे सामान घेऊन निघायचे म्हणजे दोन-तीन हमाल बरोबर हवेत. प्रकाश घेण्याला काही सेकंद लागत. तेवढ्या अवधीत जो हलला तो पुसला गेला, जो चालत गेला तो तसबिरीत आलाच नाही. याचा परिणाम असा की त्या वर्षांतल्या मुंबईच्या चित्रांत चव्हाट्यावरची दुकाने रेखीव दिसतात आणि रस्ते विचित्र रिकामे दिसतात. बसलेला वाणी उमटला, उभा पहारेकरी उमटला, आसनस्थ गोसावी तर फारच उत्तम उमटला. पखाल पाठीवर घेऊन वाकून चाललेला भिस्ती, हारा डोक्यावर घेऊन लगबगीने जाणारी कोळीण आणि बंदरावरचा हमाल यांचा मात्र धुरकट पट्टा तेवढा काचेवर राहिला. कष्टकऱ्याचे जीवन गतीत असते आणि आरंभीच्या कॅमेऱ्याला गती सोसत नव्हती. तेव्हा छायाचित्राने लिहिलेला आपला पहिला इतिहास हा मुख्यतः स्थिर बसू शकणाऱ्यांचा आहे, ही गोष्ट तो वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

हलणाऱ्याला थांबवण्याचा एक मार्ग होता, आणि तो विल्यम जॉन्सन याने पत्करला. मुंबईच्या सरकारी कचेरीत नोकरी करणारा हा छायाचित्रकार. त्याने विल्यम हेंडरसन याच्यासह १८५६ च्या अखेरीपासून ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ हे मासिक काढले. प्रत्येक अंकात तीन अस्सल छायाचित्रे चिकटवलेली असत, आणि त्यांत पश्चिम हिंदुस्थानातले पोशाख व माणसे यांची एक मालिका होती. याच सामग्रीतून पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज’ या नावाने मुंबईच्या रहिवाशांचे दोन खंड निघाले. पहिल्या खंडात गुजरात, कच्छ आणि काठेवाडाकडचे लोक, दुसऱ्यात महाराष्ट्रातले. ग्रंथ पाहताना प्रथमदर्शनी कोणीही हरखून जावे: पागोट्यांचे घाट, अंगरख्यांच्या बंद्या, नथीचे आकार, पायांतल्या जोड्यांच्या चोची, सारे काही हाताने स्पर्श करावे इतके स्पष्ट. पण डोळा स्थिरावल्यावर शंका येऊ लागते. माणसे एका प्रकाशात उभी आहेत आणि त्यांच्या मागचे देऊळ किंवा तलाव दुसऱ्याच प्रकाशात. वस्तुस्थिती अशी की माणसांना स्टुडिओत आणून, उभे करून, त्यांची चित्रे घेतली, आणि मुंबईतल्या निरनिराळ्या स्थळांची वेगळी घेतलेली चित्रे त्यांच्या पाठीमागे जोडून दिली. माणूस खरा, जागाही खरी. त्या माणसाचे त्या जागेवर असणे तेवढे खोटे.

याहूनही मोठा दोष रचनेतला आहे. ग्रंथाची खतावणी जातवार आणि ज्ञातवार घातलेली आहे: अमुक ब्राह्मण, अमुक वाणी, अमुक कोळी. त्याच सुमारास ताडदेवच्या गिरणीत कोकणातून आणि घाटावरून आलेले लोक चात्यांसमोर उभे राहून एक सर्वस्वी नवे जीवन जगू लागले होते. परंतु गिरणीकामगार ही काही जात नव्हती, आणि म्हणून अशा खतावणीत त्याच्यासाठी खानाच नव्हता. नव्याने घडणारी गोष्ट जुन्या रकान्यात बसत नाही म्हणून नोंदीतून गळते, हा प्रकार महसुली दफ्तरांत जितका आढळतो तितकाच छायाचित्रांतही. पुढे सरकारने जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांच्या संपादनाखाली १८६८ ते १८७५ या काळात ‘पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, त्यांत तर हाच दृष्टिकोन कारभाराच्या सोयीसाठी कायम झाला, आणि चित्राखालच्या मजकुरात कोण इमानी, कोण चोरटा, असे शेरे पोलिसपाटलाच्या वहीत शोभावेत अशा बेधडकपणे मारले गेले.

एवढे झाल्यावर तंत्र बदलले. कोरड्या काचा आल्या; १८८८ मध्ये ईस्टमनचा शंभर चित्रांचा कोडॅक आला, १९०० मध्ये एका डॉलरला मिळणारा ब्राउनी आला, आणि कॅमेरा तंबूतून निघून खिशाच्या जवळपास पोहोचला. नवशिक्यांच्या हाती यंत्र आले की त्यांच्या चढाओढी लावण्याची बुद्धी नियतकालिकांना होणारच. लंडनच्या ‘अमॅच्युअर फोटोग्राफर’ या साप्ताहिकाने १८८७ मध्ये सुट्टीतल्या छायाचित्रांची स्पर्धा लावली, तिचे परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन, ज्यांनी वर्षभरापूर्वीच इंग्लंडच्या नॉरफोक भागातल्या दलदलीत बोरू कापणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या लोकांच्या रोजच्या श्रमांची चाळीस चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती. पहिले पारितोषिक, म्हणजे रुप्याचे पदक आणि दोन गिनी, त्यांनी बर्लिनमध्ये शिकत असलेल्या एका तेवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याला दिले. इटलीतल्या बेल्लाजिओ गावी हसत उभ्या असलेल्या मुलांच्या घोळक्याचे त्याचे चित्र त्यांना सगळ्या प्रवेशिकांत अकृत्रिम वाटले. विद्यार्थ्याचे नाव आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. छायाचित्राला कलेच्या पंक्तीत बसवण्यासाठी पुढे ज्याने आयुष्य वेचले, त्याची पहिली ओळख जगाला झाली ती एका स्पर्धेतल्या अगदी साध्या, रस्त्यावरच्या प्रसंगामुळे. परंतु या निकालात पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे बीजही आहे. मुले कोणाची, का हसली, त्या गावचे लोक तेव्हा काय करून पोट भरत, हे त्या चित्रावरून कोणालाही कळत नाही, आणि परीक्षकांनीही ते विचारले नव्हते. चित्र सुंदर आणि सहज होते, म्हणून ते जिंकले. इतिहासाचा दाखला म्हणून त्याची परीक्षा झालीच नाही.

ती परीक्षा दुसऱ्या एका इंग्रजाने लावली, आणि आजच्या स्पर्धावाल्यांनी त्याचा कित्ता गिरवावा असे मला वाटते. सर बेंजामिन स्टोन हे बर्मिंगहॅमचे काचेचे कारखानदार आणि पार्लमेंटचे सभासद. जेरोम हॅरिसन या शिक्षकाने त्याच भागात, वॉरिकशायर परगण्यात, हौशी छायाचित्रकारांकडून सबंध परगण्याची चित्रमय पाहणी करवून घेण्याचा उपक्रम सुरू केला होता; तो राष्ट्रव्यापी करण्याच्या हेतूने स्टोन यांनी १८९७ मध्ये नॅशनल फोटोग्राफिक रेकॉर्ड असोसिएशन स्थापन केली. नियम कडक होते. प्रत प्लॅटिनमची किंवा कार्बनची असावी, कारण साधी प्रत काही वर्षांत पिवळी पडते. काय, कुठे, केव्हा हे चित्राबरोबर लिहून द्यावे. रंगसफेती करून चित्राला साजिरे करू नये. आणि जमलेले सारे ब्रिटिश म्यूझियमच्या ताब्यात द्यावे. १९१० पर्यंत, म्हणजे संस्था बंद पडेपर्यंत, चार हजारांवर चित्रे अशी जमा झाली, आणि आज ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये आहेत. स्टोन यांच्यातही खोट होती. त्यांना जत्रा, मिरवणुका, शिंगे डोक्याशी धरून नाचण्याचे ग्रामीण विधी यांचे वेड. लोकांना रांगेत उभे करून कॅमेऱ्याकडे रोखून पाहायला लावण्याचीही हौस होती. वर्षातल्या एका दिवशी नाचणारा माणूस त्यांनी पाहिला, उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तो काय करतो याकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. तरीही चित्राला नोंद जोडली पाहिजे आणि नोंद सुरक्षित हाती पडली पाहिजे, हा जो दफ्तरी विवेक त्यांनी दाखवला त्यामुळे त्यांची कंटाळवाणी चित्रे आज अभ्यासकांना उपयोगी पडतात, आणि त्याच काळातल्या प्रदर्शनांतली धुक्यात बुडवलेली पदकप्राप्त चित्रे मात्र भिंतीवरची शोभा होऊन राहिली आहेत.

महाराष्ट्रात दैनंदिन जीवनाच्या इतिहासाची भूक नव्हती असे मुळीच नाही. ती कागदांवर भागवली गेली. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला घेतली तेव्हा खलित्यांइतकेच किरकोळ हिशेबही जपून ठेवण्याची शिस्त आली. मामलेदारीत आयुष्य गेलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून बलुत्या-अलुत्यांसह गावचा सारा व्यवहार मांडला. न्यायखात्यातले नारायण गोविंद चापेकर यांनी १९३३ मध्ये ‘बदलापूर’ हा आपल्या गावचा ग्रंथ सिद्ध केला आणि १९३७ मध्ये ‘पेशवाईच्या सावलींत’ या ग्रंथात जुन्या हिशेबांतून भाव, मजुरी आणि खाण्यापिण्याचा तपशील निवडून काढला. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या अशी घराघरांतून अडगळीत गेलेली चीजवस्तू आयुष्यभर गोळा केली. एवढी जागृत दृष्टी ज्या समाजात होती त्या समाजातल्या कॅमेऱ्याने मात्र याच काळात वेगळी वाट धरली, याचे मला वैषम्य वाटते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती आणि माकडाला शिकवणारा माकडवाला यांचे चलच्चित्र घेतले, हा रोजच्या करमणुकीचा अमोल दाखला. नारायण विनायक विरकर यांनी १९१९ मध्ये जालियनवाला बागेच्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या, हा छायाचित्राने साक्षीदाराचे काम चोख बजावल्याचा दाखला. पण असे दाखले वेचावे लागतात. १९३७ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, हौशी मंडळींची प्रदर्शने भरू लागली, आणि त्या प्रदर्शनांच्या अभिरुचीत बैलगाडीला मोठे स्थान मिळाले: संध्याकाळ, उडालेली धूळ, धुळीतून येणारे तिरपे किरण आणि त्यांत अर्धवट विरघळलेली गाडी. गाडी कोणत्या गावची, तिच्यात कोणता माल, कोणत्या बाजाराला चाललेला, हे विचारणे अरसिकपणाचे ठरले असते. आत्र्यांनी गाडीवानाच्या घरातला हिशेब लिहिला; छायाचित्रकारांनी त्याच्यावर पडलेले ऊन तेवढे घेतले.

याला एक ठळक अपवाद सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या एका विद्यार्थिनीने घालून दिला. होमाय व्यारावाला, जन्म १९१३, नवसारीच्या. वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटक मंडळीत, त्यामुळे बालपण बिऱ्हाडे बदलण्यात गेले, आणि शिक्षणासाठी मुंबई गाठली. कॅमेरा हाती आला तो माणेकशा यांच्यामुळे, ज्यांच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला. होमायबाईंनी चित्रे घेतली ती आपल्या कलाशाळेतल्या मैत्रिणींची, वर्गात बसलेल्यांची, मोकळ्या वेळात हिंडणाऱ्यांची, आणि रस्त्यावरच्या मुंबईची. एका महिला मंडळाच्या सहलीची त्यांची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली आणि प्रत्येकी एक रुपया दिला. ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांची चित्रे बरेच दिवस माणेकशांच्या नावाने येत. पुढे दिल्लीस गेल्यावर त्यांनी सत्तांतराची, नेत्यांची आणि राष्ट्रप्रमुखांची जी चित्रे घेतली त्यांमुळे त्या देशभर प्रसिद्ध झाल्या आणि २०११ मध्ये पद्मविभूषण झाल्या. परंतु माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने अधिक दुर्मिळ आहेत ती त्यांच्या विद्यार्थिदशेतली मुंबईची चित्रे. जवाहरलाल नेहरूंचे छायाचित्र घेणारे शेकड्यांनी होते. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या कलाशाळेत शिकणाऱ्या तरुणी मोकळेपणाने कशा बसत, काय नेसत, चित्र काढताना ब्रश कसा धरत, हे आतून पाहून टिपणारी त्यांच्यातलीच एक मैत्रीण होती. जॉन्सनला त्या मंडळीत प्रवेश मिळाला नसता, आणि मिळाला असता तरी त्याने त्यांना पडद्यासमोर उभे केले असते.

विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्याचे सामर्थ्य ते हेच, आणि मुद्दाम शिकवावे लागत नाही असेही हेच. तो ज्या जागेचे चित्र घेतो तिथे तो पाहुणा नसतो. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांनी संप केला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि नंतरच्या वर्षांत लालबाग-परळच्या धुराड्यांची चित्रे घेण्यासाठी देशोदेशीचे छायाचित्रकार येऊन गेले. त्यांचे काम वाईट होते असे नव्हे, पण धुराडे रस्त्यावरून दिसते. एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणारी खानावळवाली बाई पहाटे किती वाजता चूल पेटवी, एका खोलीत किती पंगती उठत, महिन्याचे पैसे थकले म्हणजे ती कोणत्या खुणेने भिंतीवर टिपून ठेवी, हे रस्त्यावरून दिसत नाही. या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, त्यामुळे त्यांच्या कर्जाची आणि संघटनेची हकीकत तरी नोंदली गेली. त्यांच्या स्वयंपाकाच्या जागेचे, ताटल्यांच्या उतरंडीचे, डब्यांवर रंगाने घातलेल्या नावांचे चित्र मात्र त्याच चाळीत वाढलेल्या मुलाने किंवा मुलीने घेतले असते तरच व्हायचे. आणि त्या मुलामुलींच्या हाती तेव्हा कॅमेरा नव्हता. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, कॅमेरा नसल्याची सबब उरलेली नाही.

तरीही अलीकडच्या विद्यार्थी-स्पर्धांची प्रदर्शने पाहत फिरताना मला पुन्हा त्याच बैलगाडीची आठवण होते. धूळ गेली, सुरकुत्या आल्या. म्हाताऱ्याचा सुरकुतलेला चेहरा, कृष्णधवल, अगदी जवळून. तवंग आलेल्या पाण्यातले उलटे प्रतिबिंब. टेकडीवर पतंग उडवणारा पोरगा आणि मागे सूर्य. खाली मथळे: ‘प्रतीक्षा’, ‘संघर्ष’, ‘आशा’, ‘जगण्याची उमेद’. हा म्हातारा कोण, कशाची प्रतीक्षा करीत आहे, गाव कोणते, हे विचारले तर चित्र घेणाऱ्याची बरीच ततपप होते. यात मुलांना दोष देणे अन्यायाचे आहे. परीक्षक चित्रकलेचे शिक्षक असतात, कधी वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. निकष रचना, प्रकाश आणि भाव हे असतात. विद्यार्थी हुशार असतो, तो निकषाप्रमाणे वागतो. स्पर्धेने इतिहास मागितला आणि गुण सौंदर्याला दिले, तर सौंदर्यच येणार. परीक्षक मंडळावर इतिहासाचा एक तरी शिक्षक किंवा दफ्तरखान्यात काम केलेला एक तरी मनुष्य बसवला, आणि त्याने प्रत्येक चित्रामागे उलटून पाहून तिथे काय लिहिले आहे त्यावर निम्मे गुण द्यायचे असे ठरवले, तर पुढच्याच वर्षी प्रवेशिकांचा नूर पालटेल.

उदाहरण म्हणून एखाद्या गल्लीत बसलेला कल्हईवाला घ्या. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आल्यापासून हा मनुष्य विरळा झाला आहे, पण पितळेची हौस पुन्हा वाढल्यामुळे शहरांत तो अधूनमधून दिसतो. जमिनीत खळगा, त्यात कोळसे, भात्याची नळी मातीने लिंपलेली, चिमट्यात धरून तापवलेले पातेले, कथलाच्या कांडीचा ओरखडा, नवसागराची चिमूट, धुराचा लोट आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवलेली चांदीसारखी लकाकी. या शेवटच्या क्षणाचे चित्र फार देखणे येते आणि बहुधा पारितोषिकही मिळवते. परंतु पन्नास वर्षांनी ते पाहणाऱ्याला हवे असेल ते निराळे: त्या दिवशी एका पातेल्याचा दर किती होता, तो वजनावर ठरे की आकारावर, भाता हाताचा होता की विजेचा पंखा लावला होता, कथील कुठून आणी, कोणत्या गावचा, बाप हेच करी काय, मुलगा करील काय, भांडी कोणत्या घरांतून आली, आणि तिथे बसायला सोसायटीच्या चिटणीसाची परवानगी लागली काय. यांतले एकही उत्तर कॅमेरा देत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला मोबाईल खिशात ठेवून उकिडवे बसावे लागेल आणि अर्धा तास बोलावे लागेल. आधी बोलणे व्हावे, चित्र नंतर घ्यावे, हा क्रमही मी आग्रहाने सुचवीन, कारण १९३७ मध्ये इंग्लंडातल्या बोल्टन गावी, लोकांच्या रोजच्या जगण्याची पाहणी करणाऱ्या मास-ऑब्झर्वेशन या संस्थेच्या मंडळींसाठी हंफ्री स्पेंडर याने कॅमेरा कोटाखाली दडवून कामकऱ्यांची जी चित्रे घेतली ती कितीही बोलकी असली तरी त्यांतल्या माणसांना त्यांच्याविषयी एक शब्दही सांगण्याची संधी मिळाली नाही, आणि अशा चोरट्या टिपणात आणि पोलिसपाटलाच्या शेऱ्यात अंतर फारसे राहत नाही.

जतनाची व्यवस्था हा याच कामाचा उरलेला भाग, आणि आपल्याकडे सर्वांत कच्चा. प्रदर्शन संपले की तक्ते जिन्याखाली जातात, वर्षाने रद्दीत. मूळ चित्रे स्पर्धेच्या सचिवाच्या संगणकात असतात आणि सचिव दर साल बदलतो. वास्तविक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट, आम्लरहित कागदाची पाकिटे, एक बारनिशीची वही आणि पाठीमागे शिसपेन्सिलीने लिहिलेला तपशील, एवढ्याने काम भागते; बॉलपेनाची शाई पुढच्या बाजूला फुटते, म्हणून पेन्सिल. नियमपत्रिकेत तीन प्रतींचे एक कलम घालावे. एक प्रत ग्रंथालयात, दुसरी ज्या गावातले किंवा वॉर्डातले चित्र असेल तिथल्या ग्रामपंचायतीच्या अथवा सार्वजनिक वाचनालयाच्या स्वाधीन, आणि तिसरी ज्याचे चित्र घेतले त्याच्या हाती, पोच घेऊन. तिसऱ्या प्रतीची पोच जोडल्याशिवाय प्रवेशिका स्वीकारू नये. यामुळे प्रवेशिकांची संख्या निम्म्याने घटेल, अशी हरकत घेतली जाईल, आणि ती बरोबर आहे. परीक्षकांचेही काम तेवढेच हलके होईल.